कप्पी, वजन आणि गेलेलें बळ

शहरांतील कोणत्याही आधुनिक व्यायामशाळेंत (जिला हल्लीं सर्वत्र जिम म्हणतात) पाऊल टाकलें असतां एक यंत्र हटकून दृष्टीस पडतें. उंच लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर कप्पी, कप्पीवरून आलेली तारेची दोरी, तिच्या एका टोंकास आडवा दांडा आणि दुसऱ्या टोंकास एकावर एक रचलेल्या लोखंडी पाट्यांची चळत. मनुष्य खालच्या बैठकीवर बसतो, दांडा दोन्ही हातांनीं धरून छातीपर्यंत खालीं ओढतो, आणि पलीकडे पाट्यांची चळत वर चढते. ह्यास पुलडाउन असें म्हणतात. पाठीचा जो रुंद स्नायु कमरेपासून निघून दंडाच्या हाडास जाऊन मिळतो, त्याला मुख्यत्वें कामास लावणारें हें यंत्र होय. भोंवतालचे आरसे, मोठ्यानें लावलेलें संगीत आणि पीळदार तरुण हा सारा थाट पाहून सामान्य माणसाची अशी समजूत होते कीं, हें बळकटांचें आणि बळ मिरविणारांचें हत्यार आहे. थकल्या-भागल्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. इतिहास मात्र निराळें सांगतो. ह्या यंत्राच्या कुळाचा शोध घेत मागें गेलें तर आपण आखाड्यांत न पोंचतां रुग्णालयांत पोंचतों. ज्या घरांत आजारांतून उठलेलें किंवा वयानें खचलेलें एकही माणूस नाहीं असें घर विरळा, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें मांडावीशी आम्हांस वाटली.

प्रथम यंत्राच्या प्रयोजनाविषयीं दोन शब्द. पृथ्वीचें आकर्षण एकाच दिशेनें, म्हणजे खालीं, ओढीत असतें. त्यामुळें हातांत वजन घेऊन वर उचलण्याचा व्यायाम कितीही हलका किंवा जड करतां येतो. परंतु वरून खालीं ओढण्याची जी क्रिया आहे तिला निसर्गांत एकच साधन, तें म्हणजे एखाद्या फांदीला, दोराला किंवा दांड्याला लोंबकळून आपलें अंग वर उचलून घेणें. आमच्या मलखांबाचा सारा डौल ह्यावर उभा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनीं ज्या विद्येस नवें आयुष्य दिलें, तिचा पहिला धडाच असा कीं शिकणारानें स्वतःचा भार स्वतः पेलावा. निरोगी पोरास हें सोपें आहे. पण विषमज्वरांतून उठलेल्या माणसाचें काय? त्याचें वजन पन्नास किलो असेल तर त्यास पहिल्याच दिवशीं पन्नास किलो उचलले पाहिजेत, नाहीं तर कांहींच नाहीं. मधें पायरी नाहीं. स्थिर कप्पी भार कमी करीत नाहीं, फक्त ओढण्याची दिशा बदलते, हें शाळेंतल्या पदार्थविज्ञानांत आपण सारे शिकलों आहों. पण दिशा बदलली कीं भार स्वतःच्या देहाचाच असला पाहिजे ही अट सुटते. पांच किलोंची एक पाटी लावा, दोन लावा, नाहीं तर नुसता दांडा ओढा. जिला पहिली पायरीच नव्हती त्या शिडीस ती लाभली.

पायरीपायरीनें बळ वाढवावें ही कल्पना कांहीं नवी नव्हे. क्रोटोन नगरीच्या मायलो नांवाच्या ग्रीक मल्लाची कथा आमच्यापैकीं पुष्कळांनीं इंग्रजी पाठ्यपुस्तकांत वाचली असेल. तो एक वासरूं रोज खांद्यावर घेई. वासरूं वाढत गेलें, त्याबरोबर मायलोचें बळ वाढत गेलें, आणि अखेर पूर्ण वाढलेला बैल तो उचलूं लागला. कथा गोड आहे, पण तिच्यांत एक अडचण आहे व ती शिक्षक सहसा सांगत नाहींत. वासरूं आपल्या गतीनें वाढतें, मनुष्याचें बळ त्याच्या गतीनें; दोघांचा मेळ बसेलच असें नाहीं. शिवाय दुर्बळाला आरंभ करण्याजोगें हलकें वासरूं मिळणार कोठून?

ह्या प्रश्नाचें पहिलें सुसंगत उत्तर स्वीडनांत निघालें. पेर हेनरिक लिंग ह्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची सरकारी संस्था स्थापिली, व तिच्या अभ्यासक्रमांत रोगोपचाराच्या व्यायामास स्वतंत्र स्थान दिलें. त्याच्या पद्धतींत शिक्षक रोग्याच्या हातापायास आपल्या हातानें विरोध करी. रोगी ओढी, शिक्षक अडवी. पद्धत उत्तम, पण तिचें सारें यश शिक्षकाच्या हातावर. तो हात सकाळीं ताजा तर सायंकाळीं थकलेला. आणि आज त्यानें कालच्यापेक्षां अधिक विरोध केला कीं कमी, हें त्याचें त्यालाही सांगतां येईना. गुस्ताफ झँडर (१८३५–१९२०) ह्या तरुण वैद्यास हें वैगुण्य खटकलें. माणसाच्या हाताच्या जागीं त्यानें तरफ बसविली आणि तरफेवर सरकणारें वजन ठेविलें. वजन टेंकूपासून जितकें दूर सारावें तितका विरोध वाढे, आणि त्याचें स्थान मोजून लिहून ठेवतां येई. १८६५ सालीं स्टॉकहोम येथें त्यानें अशा यंत्रांची संस्था उघडली. हातासाठीं एक, पाठीसाठीं दुसरें, पायांसाठीं तिसरें अशीं तीं यंत्रें होतीं. रोग्यास वैद्यानें औषधाची मात्रा लिहून द्यावी तशी व्यायामाची मात्रा लिहून मिळूं लागली. आमच्या मतें झँडरची खरी कर्तबगारी हीच. बळाचें औषध तोलून देतां येतें हें त्यानें दाखविलें. बाकीचें लोखंड कोणीही घडविलें असतें.

पुढें मात्र त्याच्या यंत्रांचें दैव विचित्र निघालें. १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत तीं गाजलीं, आणि मग युरोप-अमेरिकेंतील श्रीमंतांच्या स्नानगृहांत व आरोग्यधामांत त्यांची मांडणी होऊं लागली. आर्कान्सासमधील हॉट स्प्रिंग्ज गांवीं १९१५ सालीं उघडलेल्या फोर्डाइस स्नानगृहांतही तीं होतीं. झँडरच्या यंत्रांचा एक वर्ग असा होता कीं त्यांत रोग्यानें कांहीं करावयाचें नसे. वाफेचें इंजिन त्याचे हातपाय हालवी, अंग चेपी, थोपटी. अर्धांगवायूच्या रोग्यास ह्याचा उपयोग असेल, पण सुखवस्तू मंडळींना नेमका हाच वर्ग आवडला ह्यांत नवल नाहीं. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामगृहांत विजेवर हालणारा घोडा होता आणि विजेवर हालणारा उंटही होता. जो घोडा माणसास हालवितो त्यानें घोड्याचा व्यायाम होत असेल तर असो. माणसाचा होत नाहीं.

त्याच सुमारास कप्पीचा खरा उपयोग अमेरिकेंतील एका विद्यापीठांत होत होता. डडली सार्जंट हा पोरवयांत सर्कशींत कसरती करणारा, पुढें येल येथें वैद्यकाची पदवी घेतलेला गृहस्थ १८७९ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या हेमेनवे व्यायामशाळेचा प्रमुख झाला व चाळीस वर्षें तेथें राहिला. कसरतपटूच तो, त्यास झुले, दांडे, समांतर खांब ह्यांचें प्रेम असावयाचें. पण त्यानें पाहिलें कीं ह्या साधनांवर जो आधींच बळकट तोच टिकतो, आणि ज्याला बळाची गरज आहे तो दोन दिवसांत लाजून घरीं बसतो. कारण तीं सारीं साधनें स्वतःचा देह पेलण्याची अट घालतात. म्हणून त्यानें भिंतींवर कप्प्या बसविल्या, दोऱ्या सोडल्या, आणि प्रत्येक दोरीस कमीजास्त करतां येतील अशीं वजनें लाविलीं. बळकटाच्या बळास आणि दुर्बळाच्या दौर्बल्यास सारखेंच जुळवून घेतां यावें हा त्याचा हेतु होता. येणाऱ्या विद्यार्थ्यांची छाती, दंड, पोटरी मोजून तो कोष्टकें भरी, व ज्याचें जें अंग उणें त्यासाठीं तें यंत्र नेमून देई. आजच्या पुलडाउन यंत्राचे आजोबा कोणाला म्हणावयाचे झाले तर हार्वर्डच्या भिंतीवरल्या त्या दोऱ्यांना म्हणावें.

येथें एक गोष्ट नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं. युरोप आपल्या यंत्रांचा गवगवा करीत होता त्या शतकांत त्यानें आमच्याकडूनही एक साधन उचललें होतें. हिंदुस्थानांत राहून गेलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं येथील मुद्गल आणि करेला पाहिले. विलायतेंत त्यांचें हलकें, सुबक रूप झालें, आणि डोनल्ड वॉकर ह्याच्या १८३४ सालच्या व्यायामविषयक पुस्तकानें तें सुशिक्षित घरांत नेलें. पुढील सालीं स्त्रियांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांतही त्यानें त्याचा समावेश केला. मूळचे मुद्गल पेलणाऱ्या आमच्या पहिलवानांना तीं लांकडी खेळणीं वाटलीं असतील. पण जड वस्तु हलकी करून दुर्बळाच्या हातीं देणें ही बुद्धि तुच्छ लेखण्यासारखी नाहीं.

आतां ह्या इतिहासाच्या मर्माशीं येऊं. यंत्रें होतीं, मोजमाप होतें. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आजारी माणसास वैद्य काय सांगत? निजून राहा. हृदयविकार झाला, निजून राहा. शस्त्रक्रिया झाली, बाळंतपण झालें, हाड मोडलें, निजून राहा. आमच्या घरांतून ही आज्ञा वैद्यापेक्षांही प्रेमानें दिली जाते. दुखण्यांतून उठलेल्या वडिलांना पाण्याचा तांब्या हातीं आणून देणें, उठूं लागले तर धांवत जाऊन बसविणें, हीच सेवा अशी आपली ठाम समजूत. १९४४ सालीं अमेरिकन वैद्यक परिषदेच्या मासिकांत अंथरुणावर पडून राहण्याचे दुष्परिणाम वैद्यांनीं उघडपणें मांडले. १९४७ सालीं रिचर्ड अॅशर ह्या इंग्रज वैद्यानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें तोच विषय असा खरपूस मांडला कीं त्याचा लेख अद्याप वाचला जातो. पुढें १९६६ सालीं डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून पाहिलें. तीस वर्षांनीं त्याच पांचांची पुनः परीक्षा केली तेव्हां असें आढळलें कीं, श्रम करण्याच्या शक्तीची जी हानि त्या तीन आठवड्यांनीं केली होती तितकी तीस वर्षांच्या वार्धक्यानेंही केली नव्हती.

विश्रांतीचें हें वेड ज्यानें स्नायूंच्या बाबतींत मोडून काढलें त्या माणसाची हकीकत सांगण्यासारखी आहे. टॉमस डीलॉर्म (१९१७–२००३) हा अलाबामा प्रांतांतला मुलगा. वयांत येतां येतां त्यास संधिवाताचा ज्वर जडला. हा ज्वर हृदयास इजा करतो. तो कित्येक महिने अंथरुणास खिळला, आणि उठल्यावर वैद्यांनीं त्यास श्रमाचीं कामें वर्ज्य सांगितलीं. पोरानें ऐकलें नाहीं. त्यानें वजनें उचलण्यास आरंभ केला, थोडथोडीं वाढवीत नेलीं, आणि रोगट मुलाचा धट्टाकट्टा तरुण झाला. पुढें तो स्वतः वैद्य झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयांत नेमला गेला. तेथें गुडघे मोडलेल्या सैनिकांची गर्दी होती. हाड जुळे, जखम भरे, पण मांडीचा स्नायु वाळून गेलेला असे, आणि तो कांहीं केल्या भरून येत नसे. खाटा अडून राहत. चालणें, जिने चढणें, जागच्या जागीं सायकल चालविणें असे हलके आणि पुष्कळ वेळ करावयाचे व्यायाम त्यांस दिले जात.

डीलॉर्मनें ह्याच्या उलट केलें. रोग्याच्या पायांत लोखंडी जोडा बांधून, त्यास वजनें अडकवून, गुडघा सरळ करावयास लाविलें. प्रथम असें वजन शोधावयाचें कीं जें रोगी बरोबर दहा वेळां उचलूं शकेल, अकराव्या वेळीं नाहीं. हें त्याचें माप. ह्या मापाप्रमाणें आठवडाभर व्यायाम. आठवड्याच्या अखेरीस पुनः मोजणी, आणि नवें, वाढलेलें माप. १९४५ सालीं त्यानें हाडांच्या व सांध्यांच्या शस्त्रक्रियेस वाहिलेल्या अमेरिकन नियतकालिकांत सुमारें तीनशें रोग्यांच्या अनुभवावर आपला लेख प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें स्वच्छ लिहिलें कीं, हलकें वजन अनेक वेळां उचलल्यानें दम वाढतो व जड वजन थोड्या वेळां उचलल्यानें बळ वाढतें. ज्याचें बळ गेलें आहे त्यास दमाचा व्यायाम देणें व्यर्थ होय. पुढील संशोधनानें ही सीमारेषा इतकी रेखीव नसल्याचें दाखविलें आहे, परंतु तिचा गाभा खोटा ठरलेला नाहीं.

ह्यांतील एक बारीक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आरंभीं डीलॉर्म रोग्याकडून दहादहाचे सात ते दहा फेरे करवीत असे. आर्थर वॉटकिन्स ह्या सहकाऱ्याबरोबर त्यानें १९४८ सालीं जी सुधारलेली रीत प्रसिद्ध केली तींत फक्त तीन फेरे उरले. पहिला मापाच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट, तिसरा पूर्ण. म्हणजे ज्यानें जगाला अधिक श्रम करावयास सांगितलें त्यानेंच, मोजून पाहिल्यावर, श्रम तिहाईवर आणले. नांवही त्यानें बदललें. 'जड विरोधाचे व्यायाम' ह्या धडकी भरविणाऱ्या शब्दांच्या जागीं 'क्रमशः वाढत्या विरोधाचे व्यायाम' असें तो म्हणूं लागला. आपल्या मताच्या प्रेमांत न पडतां आंकड्यांचें ऐकणारा मनुष्य कोणत्याही शास्त्रांत दुर्मिळच.

युद्धानंतर तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत गेला. तेथें पोलिओनें लुळे पडलेले रोगी त्याच्यापुढें आले, आणि तेथें कप्पीचें दुसरें रूप कामास आलें. ज्यांचा स्नायु इतका क्षीण झाला आहे कीं नुसत्या पायाचाच भार त्यास उचलवत नाहीं, त्यांस लोखंडी जोडा काय कामाचा? त्यांच्यासाठीं दोरी कप्पीवरून नेऊन पलीकडे वजन लावावयाचें तें पायाला अडविण्यासाठीं नव्हे, तर वर उचलण्यास हात देण्यासाठीं. रोग्याचें बळ वाढेल तसतसें पलीकडचें वजन कमी करीत जावयाचें. तें शून्यावर आलें म्हणजे पाय आपल्या बळानें उठूं लागला. तेथून पुढें वजन अलीकडे. कप्पी एकच, पण शून्याच्या खालच्याही पायऱ्या तिनें मोजल्या. पुलडाउन यंत्राच्या शेजारीं आजही असें एक यंत्र पुष्कळ व्यायामशाळांत आढळतें कीं ज्यावर गुडघे टेंकून दांड्याला लोंबकळलें असतां तें खालून अंगाचा कांहीं भार उचलून धरतें. ज्यांना तें विनोदी वाटतें त्यांनीं पोलिओचे ते रोगी आठवावेत.

आमच्या आखाड्यांना हें ज्ञान अगदींच नव्हतें असें नाहीं. मोडलेलें हाड बसविणें आणि मग तो हात हळूहळू कामास लावणें ही वस्तादांची जुनी विद्या. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव व्यायामाचार्य म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाडवैद्य म्हणूनही. उणीव होती ती लिहून ठेवण्याची. वस्तादाचा अंदाज वस्तादाबरोबर जाई. डीलॉर्मचें माप कागदावर राहिलें, म्हणून तें शिकागोहून निघून जगभर पोंचलें.

यानंतरचा यंत्रांचा इतिहास बराचसा कारखानदारीचा आहे, त्यांत फार वेळ दवडण्याचें कारण नाहीं. १९५७ सालीं हॅरॉल्ड झिन्किन ह्यानें एकाच चौकटीभोंवतीं अनेक जणांनीं व्यायाम करावा असें 'युनिव्हर्सल' यंत्र बनविलें, व पाट्यांच्या चळतींत खिळा सरकवून क्षणांत वजन बदलण्याची सोय सर्वत्र रूढ झाली. १९७० सालीं आर्थर जोन्स ह्यानें गोल चाकाच्या जागीं शंखाच्या घाटाचें चाक बसवून 'नॉटिलस' यंत्र काढलें. हात जसा फिरतो तसें स्नायूचें बळ कमीजास्त होतें, त्याप्रमाणें विरोधही बदलावा हा त्याचा उद्देश. झँडरनें तरफेनें हेंच साधूं पाहिलें होतें. शतक उलटलें तरी प्रश्न तोच होता. दरम्यान यंत्राचें गिऱ्हाईक बदललें, आणि दुर्बळांसाठीं निघालेली वस्तु बळकटांची शोभा होऊन बसली.

ती पुनः मूळच्या मालकांकडे नेण्याचें काम बोस्टनच्याच एका वृद्धाश्रम-रुग्णालयांत झालें. मारिया फियाटारोने व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथील दहा वृद्धांची निवड केली. वयें ८६ ते ९६. बहुतेकांच्या हातीं काठी नाहीं तर आधाराची चौकट. संधिवात, हृदयविकार, पडून मोडलेलीं हाडें ही त्यांची जुनी संपत्ति. अशांना मांडीच्या पुढील स्नायूचा व्यायाम द्यावयाचा, आणि तोही हलका नव्हे, तर प्रत्येकाच्या कमाल शक्तीच्या निम्म्यापासून आरंभ करून थोड्याच दिवसांत शेंकडा ऐंशीपर्यंत वजन न्यावयाचें! घरच्या कोणी हें ऐकतें तर हात जोडून थांबविलें असतें. आठ आठवड्यांचा प्रयोग. त्याचा वृत्तान्त १९९० सालीं अमेरिकन वैद्यक परिषदेच्या मासिकांत छापून आला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांचें बळ सरासरीनें शेंकडा १७४ वाढलें, म्हणजे पावणेतीनपट झालें. मांडीच्या स्नायूंचा घेर भरला, एका रेषेंत पावलें टाकीत चालण्याचा वेग जवळजवळ दीडपट झाला, आणि दोघांनीं काठी टाकून दिली. मग प्रयोग संपला, वजनें बाजूस ठेवलीं गेलीं, आणि वृद्ध मंडळी पुनः आपापल्या खुर्च्यांत बसूं लागली. चार आठवड्यांनीं मोजलें तेव्हां त्यांच्या बळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहींसा झाला होता.